ओट्यापाशी वळलेली वाट

७ ऑक्टोबर

साहेबांनी आज फर्मावलं की प्रकल्पाची दैनंदिनी रोज लिहायची. ती हिरव्या पुठ्ठ्याची वही ऑफिसच्या कपाटात राहणार आणि दर शनिवारी तिच्यावर साहेबांची सही होणार. ज्या वहीवर साहेबांची सही होते तिच्यात खरं लिहायला मी काही काल नोकरीला लागलेलो नाही. म्हणून ही दुसरी वही. ही माझ्या दप्तरात, नकाशांच्या खाली राहील.

तर प्रकल्प असा. आमच्या गावातून जाणारी रेल्वे बंद पडून बावीस वर्षं झाली. रूळ उचलून नेले त्यालाही पंधरा झाली. मागे उरला साडेसहा किलोमीटर लांब आणि दहा मीटर रुंद असा एक पट्टा. त्यावर आता काटेरी झुडपं, फुटक्या बादल्या आणि लोकांनी मागच्या दाराने गुपचूप पुढे सरकवलेली घरं आहेत. आमच्या पालिकेचे अध्यक्ष मागच्या महिन्यात अभ्यासदौऱ्यावर गेले होते. अशा दौऱ्यांवरून माणसं घड्याळं आणतात, अत्तरं आणतात. हे कल्पना घेऊन आले. तिकडे म्हणे जुन्या रेल्वेच्या जागेवर लोकांना फिरायला वाट केली आहे. चाला, पळा, सायकल फिरवा, दमलात तर बाकावर बसा. आपल्याकडेही हवी. मार्चच्या आत हवी.

मी पालिकेतला मोजणीदार, सव्वीस वर्षं. कुणाची भिंत कुठे संपते हे या गावात देवानंतर मला ठाऊक, आणि देवाला टेप धरता येत नाही. त्यामुळे पट्टा मोजून, मध्यरेषा आखून, आत आलेल्या बांधकामांची यादी करायचं पुण्यकर्म माझ्याकडे आलं.

९ ऑक्टोबर

सल्लागार म्हणून राजधानीतून एक बाई आल्या आहेत. तासाभराच्या बैठकीत त्या 'संकल्पना' हा शब्द एकतीस वेळा बोलल्या. मी कागदावर रेघा मारून मोजत होतो, साहेबांना वाटलं टिपणं घेतोय. बाकांची संकल्पना, सावलीची संकल्पना, कचरापेटीची संकल्पना. मी विचारलं, "बाई, वाटेत एकोणचाळीस स्वयंपाकघरं, सहा गॅरेजं आणि एक केशकर्तनालय येतं. त्यांची काय संकल्पना?" साहेबांनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

१४ ऑक्टोबर

मोजणी सुरू. मी आणि दोन मजूर. रेल्वेचा जुना नकाशा साधा आहे: रुळांच्या मध्यापासून दोन्हीकडे पाच-पाच मीटर. मध्य सापडला की बाकी सगळं टेपचं काम.

लोक मात्र बघण्यासारखे. सकाळी टेप घेऊन गेलं की चहा, दुपारी आकडा सांगितला की शिव्या. एका गृहस्थांनी न्हाणीघर एक मीटर आत बांधलंय आणि म्हणतात, "जमीनच सरकली असेल हो." दाजींचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचं, गॅरेज तर तीन मीटर चाळीस सेंटिमीटर आत. मी आकडा वहीत लिहिला तेव्हा दाजी म्हणाले, "अरे, घरचा माणूस ना तू?"

"घरचा आहे म्हणूनच चाळीस लिहिलं. पंचेचाळीस होतं," मी म्हणालो.

रात्रीचं जेवण बहिणीकडे ठरलं होतं, ते रद्द झालं.

सरकारी वहीत लिहिलं: 'नागरिकांचे सहकार्य लाभले.'

१६ ऑक्टोबर

हिला (म्हणजे माझ्या बायकोला) सकाळी फिरायची सवय आहे. सहाला मागच्या दाराने बाहेर पडते, साडेसातला परत. आज मी लवकर उठलो होतो म्हणून पाहिलं, फिरून आली तर बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या आणि अंगाला साबणाचा वास. फिरून माणूस घामाने भिजतो असं मी आजवर समजत होतो. बायकांचं फिरणं वेगळं असावं. विचारलं नाही. ओव्हन तापवायची तिची घाई होती. तिला आज तीन केक द्यायचे होते.

२१ ऑक्टोबर

आज मोजणी आमच्या घरामागे पोचली.

दोन मीटर दहा सेंटिमीटर.

२२ ऑक्टोबर

काल जास्त लिहिवलं नाही. आज शांतपणे लिहितो.

नऊ वर्षांपूर्वी मी मागच्या बाजूला स्वयंपाकघर वाढवलं. हिने घरी केक करायला सुरुवात केली होती आणि जुन्या स्वयंपाकघरात ओव्हन आला की माणूस बाहेर जायचा. ही म्हणाली होती, "जागा आपलीच आहे ना?" मी म्हणालो होतो, "मी मोजणीदार आहे." हे उत्तर नव्हतं हे तिच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल. तेव्हा रेल्वे परत येईल असं कुणालाच वाटत नव्हतं, आणि रेल्वे तशी आलेली नाहीच. आली आहे ती बाकांची संकल्पना.

तर, ओव्हन, ओटा, खिडकी आणि मोरी हे सगळं पट्ट्यात आहे. दोन आठवड्यांपूर्वी ज्या एकोणचाळीस घरांवर मी विनोद केले, ते घर क्रमांक चाळीस.

समोर, पट्ट्याच्या पलीकडे, बरोबर आमच्यासमोर ड्रायव्हरकाकांचं घर. काका रेल्वेत इंजिन चालवायचे. शेवटची गाडीसुद्धा त्यांनीच नेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. काकू चार वर्षांपूर्वी पडल्या, कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणावर. असं ऐकून आहे. मधे झुडपं आहेत आणि रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडतो. त्यामुळे जाणं काही झालं नाही.

काकांच्या घराच्या कागदात हद्द अशी लिहिली आहे: 'रुळांच्या मध्यापासून पाच मीटर सोडून.' काकांनी पाच मीटर तीस सोडले आहेत. ड्रायव्हर माणूस, अंतर ठेवायची सवय.

पण रूळ आता नाहीत. म्हणजे मध्य कुठे होता, हे मी म्हणेन ते.

हे मी नुसतंच लिहून ठेवतोय.

२५ ऑक्टोबर

मध्य ठरवायला दोन खुणा आहेत. आमच्या घरापासून चाळीस मीटरवर पाण्याच्या ओहोळावर दगडी पूल आहे. त्याच्या कठड्यावर रेल्वेने मध्याची खूण कोरलेली असते. दुसरी खूण म्हणजे विजेचा जुना खांब, जो मध्यापासून ठरावीक अंतरावर असायला हवा, पण तो वाकलेला आहे.

पूल झुडपांत बुडाला आहे. काटे फार. मजुरांना म्हटलं, "राहू द्या रे, हात फाटतील." मजूर माझ्याकडे बघतच राहिले. मजुरांच्या हातांची काळजी करणारा मोजणीदार त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असणार.

खांबावरून मध्य काढला. खांब काकांच्या बाजूला वाकलाय. मध्यही वाकला. अलीकडे-पलीकडे दोनशे मीटरात एक हलकं वळण दिलं, नजरेला कळणारही नाही. साडेतीन किलोमीटर नाकासमोर आलेली वाट आमच्या ओट्यापाशी आल्यावर अदबीने जराशी बाजूला होते आणि पुढे पुन्हा सरळ चालू लागते. मोठ्या घरची वाट आहे. शिकलेली.

आमचं स्वयंपाकघर हद्दीबाहेर, अगदी काठावर. काकांची बाहेरची खोली एक मीटर ऐंशी आत.

सरकारी वहीत: 'पुलावरील खूण काटेरी झुडपांमुळे आढळली नाही. खांब प्रमाण मानला.' प्रत्येक शब्द खरा आहे. झुडपं आहेतच.

२ नोव्हेंबर

नकाशा मंजूर. साहेबांनी एकदाही उलगडून न बघता सही केली. संकल्पनाबाईंनी मात्र उलगडला, आणि आमच्या घरामागे बोट ठेवून म्हणाल्या, "हे वळण किती सुंदर आहे! चालणाऱ्याला उत्सुकता वाटेल, पुढे काय असेल. इथे बाक ठेवू या." म्हणजे माझ्या पापावर आता लोक टेकून बसणार.

१० नोव्हेंबर

नोटिसा लागल्या. दाजींनी 'घर बचाव समिती' काढली आणि त्याच दिवशी तिचे अध्यक्षही झाले. पहिल्या सभेत माझं नाव घेऊन निषेध झाला. बहिणीने टाळ्या वाजवल्या म्हणे, पण हळू.

संध्याकाळी ड्रायव्हरकाका ऑफिसात आले. हातात नोटीस, नीट चौघडी केलेली. भांडायला आलेल्या माणसाला काय उत्तर द्यायचं ते मी तोंडपाठ केलं होतं.

काका म्हणाले, "बस रे, उठू नको. एवढंच विचारायचं होतं, खोली पाडायला थोडा वेळ मिळेल का? हिची खाट आतल्या खोलीत हलवायचीय. दार अरुंद आहे, खाट जात नाही. सुतार सांगितलाय, तो दार रुंद करून देतो म्हणाला."

"मिळेल की," मी म्हणालो.

"बाहेरच्या खोलीत खिडकी होती, एवढंच. आत नाहीये. पण होईल सवय."

त्यांनी माझ्या साहेबांना नमस्कार केला, शिपायालाही केला आणि गेले. तक्रार नाही, अर्ज नाही. इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. घरी येऊन जेवलो नाही. पित्त असावं.

१५ नोव्हेंबर

आज 'वारसा फेरी'. संकल्पनाबाईंच्या डोक्यात आलं की ज्या माणसाने शेवटची गाडी चालवली त्यानेच वाटेवरून चालत सांगावं, रूळ कुठून जायचे, गाडी कुठे थांबायची. फोटोवाला, साहेब, अध्यक्षांचा पुतण्या, दाजी आणि त्यांची समिती, अशी वरात निघाली. मी मागे. मी असं ऐकलं होतं की म्हाताऱ्या माणसांना जुनं फारसं आठवत नाही.

काकांना सगळं आठवत होतं. "इथे सिग्नल. इथे शिट्टी द्यायची. इथे गुरं यायची, वेग कमी." बावीस वर्षं बंद पडलेल्या गाडीचं वेळापत्रक त्यांच्या पायात होतं. माझ्या खुंट्या जिथे ठोकल्या होत्या तिथून ते वीतभरही चुकत नव्हते. साहेब खूश. "बघा, आमची मोजणी किती अचूक!"

मग आम्ही आमच्या घरामागे आलो.

काका थांबले. त्यांनी वाकलेल्या खांबाकडे पाहिलं. मग माझ्या खुंट्यांकडे. मग आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. आत ही उभी होती, हात पिठाने भरलेले. काकांना बघून तिने हात हलवला.

"इथून कुठून जायची गाडी, काका?" संकल्पनाबाईंनी विचारलं.

काकांनी खिडकीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग माझ्या खुंट्यांना धरून चालायला लागले, वळणावरून, अदबीने, थेट स्वतःच्या खोलीच्या भिंतीकडे सरकत. "इथून," ते म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. वय झालंय. एका जागी तरी विसरणारच.

फेरी पुढे गेली तेव्हा काका जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पुलापाशी गेलास तर सांभाळून रे. तिथे काटे आहेत म्हणतात." किती काळजी करतात लोक.

१६ नोव्हेंबर

कालचं वाचलं. 'काटे आहेत म्हणतात.' कोण म्हणतात? ते मी फक्त सरकारी वहीत लिहिलं होतं, आणि नकाशाखालच्या टिपेत. नकाशाची प्रत नोटिशीला जोडतात.

पित्ताची गोळी घेतली.

२० नोव्हेंबर

आज ही सकाळी फिरून परत आली आणि ओव्हन लावलाच नाही. मी दाढी करत होतो. माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"रूळ कुठून जात होते हो?"

"कुठले रूळ?"

"आपल्या मागचे."

"नकाशात आहे ना. मंजूर झालाय."

"मी नकाशाचं विचारत नाहीये. पंधरा वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा ते उचलत होते. मी रोज बघायची. काकांची बाहेरची खोली तेव्हाही तिथेच होती. तुमच्या हिशोबाने गाडी त्यांच्या खिडकीत कोपर टेकून जात असणार."

मी म्हणालो, "तुला मोजणीतलं काय कळतं?"

"काही नाही," ती म्हणाली. "माझे केक गोल असतात."

२३ नोव्हेंबर

अबोला. त्याचं मला काही वाटत नाही, सव्वीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे. पण तीन दिवस ही स्वयंपाकघर रिकामं करतेय. आधी साचे काढले. मग डबे. मग मोठी पातेली. सगळं पुढच्या खोलीत, माझ्या नकाशांच्या टेबलावर. आज ओव्हन ओढायला लागली. मी मदत केली नाही. मदत केली तर तिचं म्हणणं कबूल केल्यासारखं झालं असतं. तिने एकटीने ओढला. फरशीवर दोन लांब ओरखडे आले, एकमेकांना समांतर. अगदी रुळांसारखे.

खिडकीतून पलीकडे पाहिलं तर काकांच्या अंगणात त्यांच्या बाहेरच्या खोलीतलं कपाट, खुर्ची, औषधांचं स्टूल. तेही रिकामं करताहेत. इकडे माझी बायको स्वयंपाकघर रिकामं करतेय, तिकडे ते खोली. मधे माझी वाट. दोघांनी जागा करून दिल्यावर आता तिथून तीन गाड्या जातील.

२५ नोव्हेंबर

आज पलीकडे गेलो. झुडपांतून. बघतो तर तिथे एक पायवाट आहे, आमच्या मागच्या दारापासून काकांच्या अंगणापर्यंत, माती पायांनी घट्ट झालेली. मी अख्खं गाव मोजलं, ही मोजायची राहिली होती.

काका अंगणात सुताराला दाराची चौकट धरून देत होते. मला बघून त्यांनी चौकट भिंतीला टेकवली.

"ये. चहा ठेवायला सांगितलं असतं, पण चहा तुझीच बायको ठेवते."

मला कळलं नाही. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, पण काकांनी दिसल्याचं दाखवलं नाही.

"हिचं सगळं तीच करते ना. चार वर्षं झाली. आंघोळ, केस, कूस बदलणं. माझ्या कंबरेला आता उचलवत नाही. पोटची मुलगीसुद्धा इतकं करत नाही. तुला ठाऊकच आहे म्हणा."

"हो," मी म्हणालो.

"तर मी विचार केला, तिचा ओव्हन कुठे जाईल? आमची काय, एक खाट आहे. आत सरकेल."

सुतार करवत चालवत होता. मी त्या आवाजाकडे लक्ष देऊन ऐकत राहिलो, जसं काही मी त्याचीच तपासणी करायला आलो होतो. मग विचारलं, "काका, तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?"

"तीस वर्षं गेलोय रे मी तिथून. तिथे वळण नव्हतं." ते हसले. "असतं तर गाडी रोज दोनदा पडली असती, जाताना आणि येताना."

घरी आलो. ही पुढच्या खोलीत स्टोव्हवर काहीतरी करत होती. म्हणालो, "तू मला कधी सांगितलं नाहीस. काकूंचं."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"तू म्हणायचीस फिरायला जाते."

"पहिल्या दिवशी म्हटलं होतं. तुम्हाला ते चार वर्षं पुरलं."

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं की मध्यरेषा चुकीची आहे, मी मुद्दाम चुकवली आहे, माझं स्वयंपाकघर वाचवायला.

साहेबांनी आधी दार लावलं. मग पंखा लावला. मग म्हणाले, "कुणी तक्रार केली का?"

"नाही."

"मग अडचण काय आहे?"

"अडचण ही की ती खोटी आहे."

"अहो, चूक मंजूर होईपर्यंत चूक असते. मंजूर झाली की तिला नकाशा म्हणतात. निविदा निघाली, बाकाची जागा ठरली, अध्यक्षांना ते वळण आवडलंय. आणि तो म्हातारा स्वतः चालून दाखवून गेला. तुम्ही कोण त्याला खोटं ठरवणारे?"

मी लेखी पत्र लिहून नेलं होतं. ते त्यांनी घेतलं नाही, म्हणून खाली जाऊन आवक खिडकीवर दिलं आणि शिक्का मारून घेतला. आवक खिडकीवरच्या बाईंनी ते दोनदा वाचलं. तिथे दिलेली बातमी वर्तमानपत्रात देण्याची गरज पडत नाही.

इथे एक गोष्ट लिहिली पाहिजे, कारण ही वही त्यासाठीच आहे. पुलापाशीची झुडपं सोमवारी तोडायचं ठरलेलं आहे. खूण तेव्हा दिसणारच होती. मी शुक्रवारी सांगितलं. म्हणजे माझ्या प्रामाणिकपणाकडे अजून दोन दिवसांची मुदत शिल्लक होती. काकांच्या अंगणात उभा होतो तेव्हा मला सोमवार आठवत होता का? आठवत होता. तेवढ्यासाठीच गेलो का? ते मला सांगता येत नाही. मोजायला दोन खुणा लागतात आणि माझ्याकडे एकच आहे, तीही वाकलेली.

३० नोव्हेंबर

झुडपं तोडली. खूण स्वच्छ दिसते. दगडात कोरलेला बाण, शेजारी आकडा. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी छिन्नीने केलेलं प्रामाणिक काम. त्याचं स्वयंपाकघर बहुतेक दुसऱ्या गावात असावं.

मला निलंबनाचं पत्र मिळालं. चौकशी बसली आहे. साहेबांनी पत्रात लिहिलंय की हा गैरप्रकार 'दक्ष कार्यालयाने उघडकीस आणला'.

१ डिसेंबर

दाजी आले होते, हातात फुलं घेऊन. म्हणाले, "समितीतर्फे तुझा सत्कार करायचाय. तू खोटी मोजणी केलीस, म्हणजे सगळीच मोजणी खोटी, म्हणजे माझं गॅरेज वाचलं!"

"दाजी, तुमचं खरं होतं."

"तू खोटा माणूस आहेस हे तू लेखी दिलंयस. आता तुझ्या 'खरं' म्हणण्याला काय किंमत?"

फुलं हिने पाण्यात ठेवली.

१२ डिसेंबर

फेरमोजणी. माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी आता मोजणीदार. मला म्हणाली, "सर, तुम्ही बाजूला उभे राहा." मी बाजूला उभा राहिलो. तिने पुलाच्या खुणेवरून रेषा आणली, चुना टाकला. तो आमच्या ओट्यावर चढला.

काकांची खोली तीस सेंटिमीटर बाहेर. दाजींचं गॅरेज तीन मीटर चाळीस आत, जसंच्या तसं; पंचेचाळीस मी त्यांना नुसतंच म्हणालो होतो. आमचं स्वयंपाकघर दोन मीटर चौदा. मी दहा लिहिलं होतं. सव्वीस वर्षांत चार सेंटिमीटरची माझी पहिली चूक. खोट्या नकाशाची जितकी वाटली नव्हती तितकी लाज मला या चाराची वाटली. मुलीने आकडा वहीत लिहिताना माझ्याकडे पाहिलं नाही. चांगली शिकवली आहे.

१९ डिसेंबर

स्वयंपाकघर पाडलं. अर्ध्या दिवसाचं काम. नऊ वर्षांपूर्वी बांधायला चार महिने लागले होते. ही बघायला थांबली नाही. पलीकडे गेली होती, आंघोळ घालायची वेळ होती.

मागे दीड मीटरची पट्टी उरली. तिच्यात मोरी आणि एक खिडकी बसली, आणखी काही बसत नाही. ओव्हन पुढच्या खोलीत, माझं टेबल गच्चीवर ताडपत्रीखाली.

जेवताना ही म्हणाली, "उद्यापासून भांडी तुम्ही घासायची. मला पुढच्या खोलीतून मागे येरझाऱ्या घालायला वेळ नाही." अबोला सुटला, असं मी यातून समजतो.

२ मार्च

मधल्या अडीच महिन्यांत लिहिण्यासारखं काही झालं नाही, भांड्यांवर किती लिहिणार. चौकशी चालू आहे. चौकशी समितीने दोनदा मला विचारलं की यात माझा काय फायदा होता. मी सांगितलं, स्वयंपाकघर. त्यांना तो आकडा लहान वाटला. त्यांना अजून काहीतरी शोधायचं आहे.

आज वाटेचं उद्घाटन. अध्यक्षांनी फीत तीनदा कापली, फोटोवाल्याला उजेड पटत नव्हता. संकल्पनाबाई जाता जाता मला म्हणाल्या, "ते वळण गेलं, वाईट वाटलं." मी म्हणालो, "मलाही." दाजी समितीसकट आले होते. गॅरेज गेल्यावर त्यांनी तिथेच सायकली भाड्याने द्यायचं दुकान टाकलंय आणि आता ते वाटेचे आद्य पुरस्कर्ते आहेत.

वाट सरळ आहे. चांगली झाली आहे, हे नाइलाजाने लिहितो. म्हातारे चालतात, पोरं पळतात, आणि सगळे, विनाअपवाद सगळे, आमच्या खिडकीतून आत बघतात. साडेसहा किलोमीटरात प्रेक्षणीय स्थळ एकच आहे आणि त्याच्या हातात घासणी असते.

९ मार्च

आज सकाळी हिने आणि काकांनी काकूंना चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर काढलं. चार वर्षांत पहिल्यांदा. खुर्ची दवाखान्यातून मागून आणली होती. काकांच्या बाहेरच्या खोलीतून अंगणात यायचं तर आतल्या खोलीतूनच यावं लागतं, त्यामुळे रुंद केलेलं दार शेवटी त्या कामी आलं. खाट कुठे गेली नाही, पण खुर्ची बाहेर आली.

मी मोरीशी होतो. हातात पातेलं, कोपरापर्यंत फेस. बाहेर जावं असं वाटलं, पण बोलावलं नव्हतं. खिडकीतूनच बघत राहिलो. ही खुर्ची ढकलत होती, काका शेजारून एक हात खुर्चीवर ठेवून चालत होते. काकू बारीक झाल्या आहेत, पण केस नीट विंचरलेले. त्या सगळीकडे बघत होत्या: बाकाकडे, सायकलींकडे, स्वतःच्या घराच्या मागच्या भिंतीकडे, जसं काही ते घर दुसऱ्याच कुणाचं आहे.

आमच्या खिडकीसमोर त्यांनी खुर्ची थांबवायला सांगितली. माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून, वरपासून फेसापर्यंत. मी नमस्कार करायला हात जोडले, त्यातून पातेलं सटकलं आणि मोरीत आपटलं.

काकूंनी मान वळवून हिला विचारलं, "हा कोण गं? नवा माणूस ठेवलास का कामाला?"

त्यांनी मला खरंच ओळखलं नाही की ओळखून विचारलं, हे मला सांगता येत नाही. काका दुसरीकडे बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

"हो," ही म्हणाली. "ठेवलाय थोडे दिवस. बघते, टिकतो का."

"घासतो नीट?"

"कडा राहतात. शिकेल."

मग ती खुर्ची ढकलत पुढे गेली. मी पातेलं उचललं आणि कडेला पुन्हा घासणी लावली.